विश्लेषण : दहावी-बारावीनंतर काय? यवतमाळच्या विद्यार्थ्यांना दिशा दाखवणारे मार्ग कोणते?

निकाल लागतो, पेढे वाटले जातात आणि दुसऱ्या दिवसापासून घरात एकच विषय असतो, पुढे काय? यवतमाळसारख्या कापूस उत्पादक जिल्ह्यात बहुतेक घरांत याचे उत्तर शेजारचा मुलगा कुठे गेला यावरून ठरते. त्याने विज्ञान शाखा घेतली म्हणून हाही घेतो. दोन वर्षांनी सीईटीत गुण कमी पडतात, मग नाइलाजाने पदवीला प्रवेश आणि सोबत भरतीची तयारी सुरू होते. माहिती देणाऱ्या सरकारी सोयी गेल्या दहा वर्षांत बऱ्याच आल्या. त्या गावापर्यंत किती पोहोचल्या, हा मात्र वेगळा प्रश्न.

कल चाचणी काय होती?

राज्य मंडळाने २०१६ मध्ये दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी कल चाचणी सुरू केली. कृषी, कला व मानव्यविद्या, वाणिज्य, ललित कला, आरोग्य विज्ञान, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा अशा सात क्षेत्रांपैकी विद्यार्थ्याचा ओढा कुठे आहे, हे त्यातून सांगितले जाई. चाचणी आवड मोजत होती, क्षमता नव्हे. हा फरक अनेक पालकांच्या लक्षात आला नाही. पुढे अभिक्षमतेचा भाग जोडण्यात आला. अहवाल मिळे, पण तो समोर ठेवून मुलाशी अर्धा तास बोलणारे कोणी नसेल तर कागदाचा उपयोग तो काय?

महाकरिअर पोर्टल कशासाठी?

२०२० मध्ये शालेय शिक्षण विभागाने युनिसेफच्या सहकार्याने नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी हे पोर्टल सुरू केले. पाचशेहून अधिक करिअर, महाविद्यालये, प्रवेश परीक्षा आणि शिष्यवृत्त्या यांची माहिती मराठीतही देण्यात आली. प्रवेशासाठी विद्यार्थ्याचा ‘सरल’ क्रमांक लागतो आणि तो शाळेकडे असतो. म्हणजे पहिली पायरी शाळेच्या कार्यालयातूनच चढावी लागते. सुटीत शाळा बंद असते, म्हणून हा क्रमांक परीक्षेआधीच लिहून घेतलेला बरा.

केंद्र सरकारचे नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टल २०१५ पासून आहे, तर राज्याचे महास्वयम् हे नोकरी शोधणाऱ्यांच्या नोंदणीचे संकेतस्थळ. पूर्वीचे रोजगार विनिमय कार्यालय आता जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र या लांबलचक नावाने ओळखले जाते. जुनी माणसे त्याला अजून एम्प्लॉयमेंट म्हणतात. २०२३ च्या मे-जूनमध्ये राज्यातील प्रत्येक विधानसभा मतदारसंघात छत्रपती शाहू महाराज युवाशक्ती करिअर शिबिरे घेण्याची मोहीम झाली. यवतमाळ जिल्ह्यात असे सात मतदारसंघ आहेत आणि तालुके सोळा. झरी जामणी किंवा मारेगावच्या मुलाला शिबिरासाठी दुसऱ्या तालुक्यात जायचे तर एक दिवसाची मजुरी आणि एसटीचे भाडे मोजावे लागते.

अंतराचा प्रश्न का मोठा?

उमरखेड जिल्हा मुख्यालयापासून शंभर किलोमीटरहून दूर, त्याला नांदेड जवळ. वणीला चंद्रपूर जवळ. त्यामुळे कोणता अभ्यासक्रम यापेक्षा राहायचे कुठे, हा प्रश्न आधी येतो आणि मुलींच्या बाबतीत तर तोच निर्णायक ठरतो. २०२४ मध्ये राज्याने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क शंभर टक्के माफ केले. खोलीभाडे आणि जेवण मात्र त्यात येत नाही. त्यासाठी वसतिगृह न मिळालेल्यांना अनुसूचित जातींकरिता स्वाधार आणि आदिवासींकरिता स्वयम् या योजना आहेत. कोलाम, गोंड मुलांनी पांढरकवडा किंवा पुसदच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात चौकशी करावी.

जिल्ह्यातच काय शिकता येते?

यवतमाळला वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आणि शासकीय तंत्रनिकेतन आहे. वाघापूरला अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचे कृषी जैवतंत्रज्ञान महाविद्यालय आहे, ज्याची माहिती शहरातल्याही अनेकांना नसते. तंत्रनिकेतनाला दहावीच्या गुणांवर प्रवेश मिळतो, प्रवेश परीक्षा नाही. तीन वर्षांच्या पदविकेनंतर अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाचा मार्ग खुला असतो. आयटीआय म्हणजे शिक्षणाचा शेवट, ही समजूत त्यामुळे चुकीची. काही ट्रेडना तर दहावी नापास विद्यार्थीही पात्र असतात.

अकरावीच्या प्रवेशातही बदल झाला आहे. २०२५ पासून संपूर्ण राज्यात केंद्रीय ऑनलाइन पद्धत लागू झाली आणि दहापर्यंत पसंतीक्रम द्यावे लागतात. पूर्वी गावच्या कनिष्ठ महाविद्यालयात जाऊन नाव घालायचे, एवढेच काम होते. आता नेट कॅफेवाल्याने भरलेला क्रमच मुलाची दोन वर्षे ठरवू शकतो. अर्ज भरताना पालकाने शेजारी बसावे.

भरतीची तयारी हा पर्याय कसा?

पहाटे यवतमाळ, पुसद, दिग्रसच्या मैदानांवर धावणारी मुले दिसतात. पोलीस शिपाई पदासाठी बारावी उत्तीर्ण असावे लागते, शारीरिक चाचणी ५० गुणांची आणि लेखी परीक्षा १०० गुणांची. म्हणजे धावण्यापेक्षा गणित, बुद्धिमत्ता आणि मराठीला दुप्पट वजन. खुल्या प्रवर्गाला २८ व्या वर्षानंतर दार बंद होते. भरती दरवर्षी निघतेच असे नाही, म्हणून सोबत पदवी किंवा आयटीआय चालू ठेवणारा मुलगा वयाची मर्यादा ओलांडली तरी रिकाम्या हाताने परतत नाही. बारावी, आयटीआय किंवा पदवीनंतर आस्थापनेत काम शिकण्यासाठी २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत अनुक्रमे सहा, आठ आणि दहा हजार रुपये मासिक विद्यावेतन ठरले. ते विद्यावेतन आहे, कायम नोकरीची हमी नाही.

कागदपत्रे कधी काढावीत?

प्रवेश हुकण्याचे सर्वात साधे कारण कागदपत्रे. राखीव जागेवरील व्यावसायिक प्रवेशाला जात पडताळणी प्रमाणपत्र लागते. बंजारा समाजासह विमुक्त जाती आणि ओबीसी विद्यार्थ्यांना नॉन-क्रिमीलेअरही लागते. जुन्या नोंदी आजोबांच्या शाळेतून किंवा तहसीलमधून शोधून आणाव्या लागतात आणि त्यात महिने जातात. बारावी विज्ञानच्या विद्यार्थ्याने अकरावीतच महाविद्यालयामार्फत अर्ज करावा; पदविकेला जाणाऱ्याने दहावीच्या परीक्षेपूर्वी फाइल तयार ठेवावी.