काम आणि गाणे

पहाटे जात्यावर बसलेली बाई ओवी का म्हणत असे? जिवाला विरंगुळा म्हणून, हे तर खरेच. पण ओवीच्या लयीवर खुंटा फिरे, हात एकसारखा चाले नि शीण कमी वाटे. कापणीची भलरी घ्या. दहा-बारा विळे एका तालात चालतात, मागे कोणी राहत नाही.

विलायतेत १९४० साली, ऐन युद्धात, बी.बी.सी.ने कारखान्यांतील कामगारांसाठी 'म्यूझिक व्हाइल यू वर्क' हा कार्यक्रम सुरू केला. तेच ते काम करून मन विटते, हात मंदावतो. त्यावर हा उतारा. १९६७ पर्यंत तो चालला. त्यात भर होता वाद्यसंगीतावर, आणि मेख इथेच आहे.

गुरुजी, मुलगा गाणी ऐकत धडा वाचतो तेव्हा गाण्यातले शब्द आणि पुस्तकातले शब्द एकाच दारातून आत शिरू पाहतात. मग खोळंबा होतो. मी स्वतः एकदा नाट्यगीते ऐकत उत्तरपत्रिका तपासल्या. कितीएकांचे मागच्या पानाचे गुण मोजायचेच राहिले! सगळा गठ्ठा पुन्हा सोडावा लागला.

चित्र काढताना, वह्यांना पुठ्ठे घालताना गाणे खुशाल चालू द्या. पोर वाचायला बसले की मात्र रेडिओ बंद करा, मग कार्यक्रम आमचा का असेना.