पोकळीतून जन्मलेला दगड

बसा इकडे आणि ही चकती उन्हाच्या तिरिपेला धरा. जपून हं, कडेला धार आहे, बोट कापेल. दिसले पट्टे? आधी राखी, मग दुधी, मग केसाएवढी तांबूस रेघ, पुन्हा दुधी. एकाच्या आत दुसरा, दुसऱ्याच्या आत तिसरा, आणि बाहेरची कड जिथं वाकली तिथं आतले सगळे पट्टेही वाकलेले. हा अकीक. बाजारात कुणी हकीक म्हणतं, कुणी अगेट. खेड्यात सरसकट गारगोटीच म्हणतात आणि त्यात काही चूक नाही, कारण गारगोटी काय आणि अकीक काय, दोन्ही सिलिकाचेच.

याची गोष्ट सुरू होते ती एका रिकाम्या पोकळीपासून.

साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी आपल्या महाराष्ट्राच्या जमिनीला भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा वाहू लागला. एक लोट थिजायचा, त्यावर दुसरा यायचा. सह्याद्रीच्या कड्यांवर आडव्या पायऱ्या दिसतात ना, त्या या लोटांच्याच. डायनोसोर तेव्हा होते, पण आज त्यांना जरा बाजूला बसवू. एकदा आत शिरले की सगळी गोष्ट तेच खाऊन टाकतात. तर त्या लाव्ह्यात वायू कोंडलेला होता. लाव्हा वर आला, दाब कमी झाला आणि वायूचे बुडबुडे झाले. तव्यावर आंबोळीला जाळी पडते तशी लोटाच्या वरच्या भागाला जाळी पडली आणि तशीच दगड होऊन बसली. काही भोकं मोहरीएवढी, काहींत माणूस वाकून शिरेल एवढी.

पुढचं काम पाण्याचं. पाऊस भेगांतून खाली झिरपला, कोमट खडकातून फिरला आणि जाताजाता खडकातली सिलिका विरघळवत गेला. फार नाही, लिटरभर पाण्यात काही मिलिग्रॅम. पण निसर्गाला कुठं गाडी पकडायची असते? पाणी पोकळीत साचलं, सिलिका तिच्या भिंतीवर बसली. ती बसते अतिसूक्ष्म तंतूंच्या रूपात, नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या. भिंतीवर हे तंतू काटकोनात उभे राहतात आणि आतल्या बाजूला वाढत जातात. अशा तंतूंच्या सिलिकेला कॅल्सिडोनी म्हणतात. पट्ट्यापट्ट्यांची कॅल्सिडोनी म्हणजे अकीक.

म्हणजे बाहेरचा पट्टा सगळ्यात जुना आणि मधला सगळ्यात नवा. कधी मध्यापर्यंत पोचण्याआधीच पुरवठा आटतो. मग आत पोकळी राहते आणि तिच्यात स्फटिकाचे टोकदार सुळे चमकतात, नशीब असेल तर जांभळे.

पण पट्टेच का? सलग एकरंगी लेप का नाही? हा प्रश्न भल्याभल्यांना पडला आहे. राफाएल लीझेगांग या जर्मन रसायनज्ञाला 1896 मध्ये दिसलं, की जेलीत दोन क्षार एकमेकांत मुरू दिले तर साका सलग न बसता वलयं धरून बसतो. पुढं तो म्हणाला, अकीकही असाच, आधी सिलिकाची जेली, मग तिच्यात वलयं. कल्पना मोठी देखणी. इतरांना ती पटली नाही. त्यांच्या मते पाणी पुन्हा पुन्हा येत गेलं आणि प्रत्येक खेपेला एकेक थर चढला. वाद अजून मिटलेला नाही, आणि मला त्याचं वाईटही वाटत नाही. मुठीत मावणाऱ्या दगडानं शंभराहून जास्त वर्षं शास्त्रज्ञांना भांडत ठेवावं, यातच त्याचा रुबाब आहे.

आता ही दुसरी चकती बघा. वरच्या भागात पट्टे कडेप्रमाणे वळलेले आहेत, पण खाली? अगदी सरळ, आडवे, पट्टीनं आखल्यासारखे. इथं सिलिका भिंतीला चिकटली नाही, गाळासारखी तळाला बसली. म्हणून दगड नदीनं कितीही लोळवला तरी त्या पोकळीचा तळ कुठला आणि छत कुठलं हे आजही सांगता येतं. भूवैज्ञानिक हे पट्टे पाहून लाव्ह्याचा थर नंतर कलला का तेही ओळखतात. मला विचाराल तर सगळ्या रंगीबेरंगी अकिकांपेक्षा हा साधा राखी दगड मोठा.

जाती पुष्कळ आहेत. पट्टे कोनाकोनांनी वळले की तटबंदीचा अकीक. काळेपांढरे सरळ पट्टे म्हणजे ऑनिक्स, तांबूस-पांढरे असले तर सार्डोनिक्स. शेवाळी अकिकात पट्टे नसतातच, तरी त्यालाही अकीकच म्हणतात. लोखंड-मँगनीजच्या संयुगांनी आत झाडंझुडपं काढलेली असतात. उत्तर प्रदेशात बांद्याजवळ केन नदीत मिळणारा शजर हा दगड तसलाच.

दगड मोकळा कसा होतो, ते मात्र ध्यानात ठेवा. थिजलेल्या लाव्ह्याचा खडक म्हणजे बेसाल्ट. तो ऊनपावसानं कुजतो, त्याची काळी माती होते. अकीक कठीण, लोखंडी चाकूचाही ओरखडा न पडणारा. तो कुजत नाही. म्हणजे खडक गेला, माती झाली, कापूस पिकला आणि खडकातलं भोक तेवढं शिल्लक राहिलं! असे दगड वाहत वाहत नर्मदेच्या अंगाला, भरूचजवळ रतनपूरच्या जुन्या गोट्यांच्या थरांत साठले. तिथल्या टेकडीवर बाबा गोर या आफ्रिकी वंशाच्या सिद्दी संताचा दर्गा आहे. अकिकाचे कारागीर त्यांना आपले आद्यपुरुष मानतात.

रतनपूरचा माल खंबायतला जातो. तिथं दगड आधी उन्हात वाळवतात, मग मडक्यात घालून मंद आचेवर तापवतात. त्यातल्या पिवळट लोहसंयुगातलं पाणी उडतं आणि दगड लालबुंद होतो. घडवण्याची रीत तर उलटीच: लोखंडी सळईचं टोक जमिनीतून वर काढलेलं असतं, दगड त्या टोकाला टेकवायचा आणि वरून म्हशीच्या शिंगाच्या हातोडीनं ठोकायचा. टवका निघतो तो सळईच्या बाजूनं. मण्यांची ही कला फार जुनी. सिंधू संस्कृतीच्या कारागिरांनी घडवलेले लांब लाल मणी इराकमध्ये उरच्या राजघराण्याच्या थडग्यांत सापडले आहेत, साडेचार हजार वर्षांपूर्वीचे. आणि आपलं पैठण? पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या टिपणात लिहिलंय, की पैठणहून भरूचच्या बंदरात ऑनिक्स ढिगानं उतरतो.

बाहेरच्या देशांत ब्राझील आणि उरुग्वे ही मोठी ठिकाणं, तीही जुन्या लाव्ह्याचीच. जर्मनीतल्या इडार गावचे अकीक संपत आले तेव्हा तिथून ब्राझीलला गेलेल्या लोकांना 1827 मध्ये तिथल्या नद्यांत दगडच दगड दिसले. ते दगड जहाजांतून इडारला येऊ लागले. इडारवाल्यांनी रंगवण्याची कलाही साधली: दगड साखरेच्या पाण्यात मुरवायचा, मग गंधकाम्लात. छिद्रांत शिरलेल्या साखरेचा कोळसा होतो आणि पट्टा काळा. तेव्हा जत्रेत भडक निळी किंवा गुलाबी चकती दिसली तर ती रंगवलेली समजा आणि त्याच भावात घ्या.

नदीवर गेलात तर दगड ओला करून बघा, पट्टे लगेच उठून दिसतात. पण घरी आणून कोरडाच घासत बसू नका. सिलिकाची धूळ फुप्फुसात गेली की निघत नाही. खंबायतचे कितीतरी कारागीर सिलिकोसिसनं खोकत खोकत गेले. घासायचाच असेल तर पाण्याखाली घासा, तोंडाला फडकं बांधा, आणि मला हाक मारा.