बाबासाहेबांचा वीजविचार आणि आपल्या घरातला मीटर

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे घटनेचे शिल्पकार होते, हे आपल्या मुलांना पाठ असते. परंतु देशाच्या वीजधोरणाचा पाया घालणाऱ्यांमध्येही ते होते, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसते. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते व विजेचा विषय त्यांच्या खात्याकडे होता. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी दिल्लीत वीजविषयक धोरण समितीपुढे केलेल्या भाषणात त्यांनी आपली भूमिका मांडली. दारिद्र्याच्या फेऱ्यातून सुटायचे तर कारखानदारी हवी, आणि कारखानदारीसाठी वीज हवी. ती मुबलक हवी आणि स्वस्तही हवी, असा तिचा आशय होता. पुढच्याच वर्षी केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले.

यापैकी मुबलक विजेची गोष्ट बरीचशी साधली. गावोगाव तारा गेल्या, वस्तीत दिवे आले. स्वस्त विजेचे मात्र तसे म्हणता येत नाही. दर ठरविणे आपल्या हाती नाही हे खरे. तथापि त्याच उजेडासाठी आणि त्याच वाऱ्यासाठी किती युनिट जाळायची, हे बऱ्याच अंशी आपल्या हाती आहे. ते एकट्याने साधत नाही, मंडळाने हात लावला तर साधते, असे आमचे मत आहे. म्हणून हा लेख.

प्रथम युनिट म्हणजे काय ते पाहू. एक हजार वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट होते. आता दोन खोल्यांचे एक घर घ्या. जुन्या पद्धतीचे ७५ वॅटचे दोन पंखे दिवसाला चौदा तास चालतात, म्हणजे महिन्याला ६३ युनिटे. तीन जुन्या ट्यूबलाइट, चोकसकट सुमारे ५० वॅटच्या, सहा तास : २७ युनिटे. मोरीतला ६० वॅटचा पिवळा बल्ब दोन तास : साडेतीन युनिटांच्या वर. फ्रिज व टीव्ही धरून या घराचे बिल १४० युनिटांचे येते असे समजू. पंख्यांच्या जागी ३० वॅटचे बीएलडीसी पंखे, ट्यूबच्या जागी २० वॅटच्या एलईडी ट्यूब आणि बल्बच्या जागी ९ वॅटचा एलईडी बसविला, तर ३८, १६ व ३ मिळून ५७ युनिटे वाचतात. बिल ८३ वर येते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. शंभराच्या वर एक युनिट गेले की सगळे बिल चढ्या दराने लागते, असे वस्तीत पुष्कळ जण मानतात. तसे नाही. महाराष्ट्रात घरगुती दराचे टप्पे ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० व त्यापुढे असे चालत आले आहेत, आणि चढा दर त्या टप्प्यातल्या युनिटांनाच लागतो. परंतु दुसऱ्या टप्प्याचा दर पहिल्याच्या जवळजवळ दुपटीच्या घरात राहिलेला आहे. म्हणजे वरच्या घराने वाचविलेल्या ५७ पैकी ४० युनिटे महागडी होती. बचतीचा खरा लाभ तेथे आहे.

मग लोक पंखे का बदलत नाहीत? आळस हे कारण नव्हे. बीएलडीसी पंख्याची किंमत साध्या पंख्याच्या जवळजवळ दुप्पट असते. तो तीन हजारांचा धरला आणि चढ्या टप्प्याचा दर दहा रुपये धरला, तर महिन्याला १९ युनिटे म्हणजे १९० रुपये वाचतात आणि पैसे सोळा महिन्यांत फिटतात. ज्याच्याकडे तीन हजार आहेत तो सोळा महिने थांबू शकतो. ज्याच्याकडे नाहीत, तो स्वस्त पंखा घेतो आणि दर महिन्याला बिलातून दंड भरत राहतो. गरिबाला वस्तू महाग पडते ती अशी.

सरकारने यावर दोन मोठे प्रयोग केले. २००९ साली बचत लॅम्प योजना आली. जुना बल्ब आणून द्या, १५ रुपयांत सीएफएल न्या, अशी सोय होती. उरलेला खर्च कार्बन क्रेडिटच्या विक्रीतून निघायचा होता. पुढे जगाच्या बाजारात त्या क्रेडिटचा भाव कोसळला आणि योजना मंदावली. दुसरा प्रयोग ५ जानेवारी २०१५ पासूनचा, जो ‘उजाला’ या नावाने माहीत झाला. यात सरकारी कंपनीने लाखोंच्या संख्येने एलईडी बल्ब एकदम खरेदी केले. २०१४ मध्ये ३१० रुपयांना पडणारा बल्ब २०१६ मध्ये ३८ रुपयांवर आला. देशभर ३६ कोटींहून अधिक बल्ब वाटले गेले. आरंभी अनेक ठिकाणी दहा रुपये रोख देऊन बाकीची रक्कम वीजबिलातून हप्त्याने फेडता येत होती. एकत्र खरेदी आणि बिलाच्या बचतीतून हप्ता, या दोन गोष्टींमुळे ती योजना झोपडीपर्यंत पोहोचली.

हेच लहान प्रमाणावर मंडळ करू शकते. एकदा आम्ही ते केले आणि फसलोही. वर्गणी काढून घाऊक बाजारातून बल्ब आणले. भाव पाहिला, खोक्यावरचा छाप पाहिला नाही. सहा महिन्यांत निम्मे बल्ब गेले आणि भगिनींनी विहारात आम्हांला चांगलेच फैलावर घेतले. त्यांचे काही चुकले नाही. तेव्हापासून आयएसआय खूण आणि ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे तारांकित लेबल पाहिल्याशिवाय खरेदी नाही. हे लेबल २००६ साली सुरू झाले. छताच्या पंख्यांना ते २०२३ पासून सक्तीचे आहे. लेबलावरील वर्षही पाहावे, कारण निकष अधूनमधून कडक होतात आणि जुन्या लेबलाचे पाच तारे आजच्या पाचाइतके भरत नाहीत.

हप्त्याविषयी थोडे. बँकेच्या खिडकीमागे इतकी वर्षे बसून आम्ही एक गोष्ट पाहिली : हप्ता मिळकतीला झेपेनासा झाला की खाते थकते, मग माणूस कितीही सच्चा असो. म्हणून हप्ता बचतीपेक्षा लहान असावा. तीन हजारांच्या पंख्याला दरमहा १५० रुपयांचे वीस हप्ते. परंतु ज्या घराचे बिल आधीच शंभर युनिटांच्या आत आहे, तेथे हा हिशेब बसत नाही. तेथे बचत निम्मीच, म्हणजे ९०-९५ रुपये होते. अशा घरांना पंखा गळ्यात मारू नये. त्यांनी ट्यूब व बल्ब बदलावेत, आणि पंख्याचा जुना खोक्यासारखा रेग्युलेटर असेल तर तो काढून इलेक्ट्रॉनिक बसवावा; जुना रेग्युलेटर पंखा हळू करताना उरलेली वीज उष्णतेच्या रूपाने वाया घालवतो.

व्यवसायबंधूंपैकी पिठाची गिरणी चालविणाऱ्यांनी मोटारीकडे पाहावे. १० अश्वशक्तीची जुनी, दोनतीनदा वाइंडिंग केलेली मोटार ८५ टक्के कार्यक्षमतेने चालत असेल आणि नवी ९० टक्क्यांच्या वर असेल, तर पूर्ण भारावर तासाला सुमारे अर्धे युनिट वाचते. दिवसाला सहा तास दळण असेल तर महिन्याला नव्वदच्या आसपास युनिटे. सैल पट्टा आवळणे तर फुकटचे काम आहे.

विहाराचेही बोलले पाहिजे. जयंतीच्या रात्री ५०० वॅटचे दहा हॅलोजन सहा तास लावले की ३० युनिटे जळतात. वर पाहिलेल्या घराला नव्या दिव्या-पंख्यांवर तेवढ्यात जवळजवळ साडेतीन आठवडे निघतील. विनयपिटकात कथा आहे. राजा उदेनाच्या राण्यांनी आनंदांना पाचशे चीवरे दिली, तेव्हा राजाने विचारले, एवढ्यांचे करणार काय? ज्यांची चीवरे जीर्ण झाली त्या भिक्खूंना वाटणार, आनंद म्हणाले. आणि जीर्ण चीवरांचे? त्यांच्या चादरी, चादरी झिजल्या की गादीच्या खोळी, मग पायपुसणी, आणि शेवटी चिंध्या कुटून चिखलात कालवून जमिनीला लिंपण. राजाला उत्तर पटले. मंडळाच्या खजिनदारांनी ही कथा वाचावी, असे आम्ही गमतीने म्हणतो.

आता सर्वांत अवघड प्रश्न, भाडेकरूंचा. एका मीटरवर आठ खोल्या असतात. प्रत्येक खोली साठ युनिटे वापरते, पण मीटरवर ४८० दिसतात आणि सगळ्या गरिबांच्या माथी श्रीमंताचा टप्पा बसतो. काही ठिकाणी तर पॉइंटमागे ठरावीक पैसे घेतात. तेथे भाडेकरूने एलईडी लावला तरी फायदा मालकाचा. अशा घरात कोणताही बचतीचा कार्यक्रम व्यर्थ आहे. स्वतंत्र मीटर हाच उपाय. विद्युत अधिनियम २००३ च्या कलम ४३ नुसार जागेचा मालक किंवा भोगवटादार, दोघांपैकी कोणीही वीजजोडणी मागू शकतो, आणि नेहमीच्या परिस्थितीत परिपूर्ण अर्ज मिळाल्यापासून एका महिन्यात पुरवठा देणे कंपनीवर बंधनकारक आहे. ‘भोगवटादार’ हा शब्द आपल्या भाडेकरूंना कोणी समजावून सांगितलेला नाही.

तेव्हा आमची सूचना अशी : पहिल्या फेरीत मंडळाने स्वतंत्र मीटर असलेली, शंभर युनिटांच्या वर बिल येणारी घरे पंख्यांसाठी घ्यावीत. परत आलेल्या हप्त्यांतून दुसरी फेरी निघेल. त्याच वेळी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी दर रविवारी वंदनेनंतर विहारात बसून भाडेकरूंचे अर्ज भरून द्यावेत. येताना राहत्या जागेचा पुरावा व मागील तीन महिन्यांची बिले, किंवा बिल मालकाकडे असल्यास त्याला दिलेल्या पैशांची पावती, सोबत आणावी. पावती मिळत नसेल तर तेही वहीत लिहून घ्यावे.