ट्यूबला पर्याय काय?

खडकाळ वाटेवर मोटरसायकलची पकड वाढवायची, तर टायरमधली हवा कमी करावी लागते. हवा 12-15 पीएसआयपर्यंत उतरवली की टायर पसरतो आणि दगडाला बिलगतो. ट्यूब दगा देते ती नेमकी इथेच. चाक जोरात आपटले की ती रिम आणि दगड यांच्यात चिमटते आणि तिला सापाच्या दातांच्या खुणांसारखी दोन भोके शेजारी-शेजारी पडतात. कधी टायर रिमवरून सरकतो, त्याच्याबरोबर ट्यूब ओढली जाते आणि व्हॉल्व्ह मुळातूनच उपटतो. अशा ट्यूबला पॅचही लागत नाही. जाड ट्यूब घातली तर चिमटा कमी बसतो, पण वजन वाढते आणि खिळा काही जाडी बघून थांबत नाही.

यावरचा सर्वांत टोकाचा उपाय म्हणजे मूस. टायरच्या आकाराचे हे फोमचे भरीव कडे ट्यूबच्या जागी बसते. मिशेलिनचे ‘बिब मूस’ सर्वांत प्रसिद्ध. नव्या कड्याचा दाब साधारण 0.9 बार, म्हणजे 13 पीएसआयच्या हवेइतका वाटतो. आत हवाच नसल्याने पंक्चरचा प्रश्न मिटतो. डकार रॅली आणि एंड्युरो शर्यतींत त्याचे चलन आहे ते त्यामुळेच. मात्र वेगात सतत पळवल्यास मूस तापतो, फोम विरघळू लागतो. ठरावीक जेल चोळून बसवला नाही तर हे आणखी लवकर घडते. वापरागणिक तो आक्रसतो, दाब बदलता येत नाही आणि बसवताना तर पान्ह्यांशी कुस्तीच खेळावी लागते. उत्पादक तो डांबरी रस्त्यासाठी देत नाहीत. त्यामुळे शर्यतीची गाडी टेम्पोत घालून नेणाऱ्यालाच तो परवडतो; महामार्गाने घाट गाठून मग कच्च्या वाटेला लागणाऱ्याच्या तो कामाचा नाही.

अमेरिकेतले ‘ट्यूब्लिस’ जरा हुशारीचे आहे. रिमला लागून एक बारीक नळी असते, तिच्यात तब्बल 100 पीएसआयच्या आसपास हवा भरतात. ही नळी टायरच्या कडा रिमवर दाबून धरते, त्यामुळे आरे असलेल्या रिममधूनही हवा गळत नाही. उरलेल्या पोकळीत स्वाराने हवी तेवढी, अगदी नावापुरतीही हवा ठेवावी. काटा घुसला तर टायर न काढता बाहेरूनच प्लग ठोकता येतो. यासाठी रिमला जादा भोक पाडावे लागते, आतल्या नळीचा दाब वरचेवर तपासावा लागतो आणि हेही महामार्गासाठी नाही.

लांबच्या प्रवासाला ट्यूबलेस रिमच बरी. नेहमीच्या आऱ्यांची टोके रिमच्या मधोमध आरपार जातात आणि हवा तिथूनच निसटते. ती भोके सीलंट किंवा टेपने बुजवणारे हौशी लोक आहेत, पण आरा सैल झाला की सील फुटते. शिवाय ट्यूबच्या रिमला टायरची कड अडवून धरणारा उंचवटा बहुधा नसतो. हवा अचानक गेली तर टायर रिमवरून उतरू शकतो. बीएमडब्ल्यूने 1987 च्या जीएस गाड्यांमध्ये आरे रिमच्या कडांनाच जोडले आणि भोकांचा प्रश्नच उरला नाही. भारतात रॉयल एनफिल्डच्या हिमालयन 450 ला अशी चाके मिळतात. तरीही दगडाने रिमची कड वाकली, तर हवा धरत नाही. म्हणून दूर जाणारे स्वार सामानात एक ट्यूब ठेवतातच.