शॅलचं देणं, विलची इच्छा

‘आय’ आणि ‘वी’ला शॅल, बाकी सगळ्यांना विल, निर्धार किंवा दटावणी असेल तर बरोबर उलट. रेन आणि मार्टिनचं व्याकरण घोकलेल्या पिढ्यांना हे पाढ्यासारखं पाठ असे. (यातले रेन म्हणजे ‘बो जेस्ट’ कादंबरीचे लेखक; मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात ते नोकरीला होते.)

हा नियम मांडला जॉन वॉलिसनं, १६५३ साली, लॅटिनमध्ये लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणात. वॉलिस ऑक्सफर्डला भूमितीचा प्राध्यापक. अनंताचं ∞ हे चिन्ह त्याचंच. गणित्याच्या हातून भाषेचा इतका चोख तक्ता निघाला, यात नवल नाही. नवल हे की लोक तसं बोलत होते का, हे पुढच्या व्याकरणकारांनी फारसं तपासलंच नाही. चार्ल्स फ्राइज या अमेरिकन अभ्यासकानं १९२५ मध्ये जुन्या-नव्या इंग्रजी नाटकांतले संवाद चाळले, तेव्हा ‘आय’पुढेही विलच जास्त सापडलं.

मग दोन शब्द हवेतच कशाला? इंग्रजी क्रियापदाला भविष्यकाळाचं स्वतःचं रूप नाही. आपल्याकडे ‘जा’चं जाईन, जाशील, जाईल होतं, इंग्रजीनं ती नड दोन जुन्या क्रियापदांवर भागवली. शॅलचा जुना अर्थ देणं लागणं, बांधील असणं. विलचा अर्थ इच्छा असणं. आज दोन्ही सहायक क्रियापदं आहेत: तृतीयपुरुषी ‘एस’ लागत नाही, पुढच्या क्रियापदाला ‘टू’ नको. पण मूळ स्वभाव गेलेला नाही. शॅलचं भूतकाळी रूप शुड अजून कर्तव्यच सांगतं. विल तर नामही होतं, आणि आपल्याकडचे आजोबाही ‘विल करून ठेवलंय’ म्हणतात: मागे काय व्हावं याची लेखी इच्छा. इंग्रजी चर्चमधल्या लग्नात वर-वधू ‘आय विल’ म्हणतात, तेही भविष्य वर्तवत नाहीत; संमती देतात.

नियमाची गंमत एका जुन्या विनोदात आहे. बुडणारा आयरिश माणूस ओरडतो, ‘आय विल ड्राउन, नोबडी शॅल सेव्ह मी!’ काठावरचे इंग्रज त्याचा शब्द मानून हलत नाहीत. त्यांच्या व्याकरणात त्याचा अर्थ ‘मी बुडणारच, खबरदार कोणी वाचवाल तर’ असा होतो. आयर्लंड-स्कॉटलंडमध्ये खिडकी उघडण्याआधीही ‘विल आय ओपन द विंडो?’ असं सर्रास विचारतात. इंग्लंडात तिथे शॅलच लागतं, म्हणजे आपलं ‘उघडू का?’. रोजच्या बोलण्यात शॅल टिकलं आहे ते मुख्यतः अशा प्रश्नांत. एरवी बोलताना दोन्हींचं उरतं नुसतं ‘ल’, आणि भांडण मिटतं.

कायद्यात मात्र ते मिटत नाही. राज्यघटनेच्या ३२० व्या कलमात शासकीय नोकरांवरच्या शिस्तभंगाच्या प्रकरणांत लोकसेवा आयोगाचा सल्ला घेण्याबाबत शॅल आहे. तरी १९५७ साली सर्वोच्च न्यायालयानं ते बंधनकारक नव्हे, मार्गदर्शक आहे असा निकाल दिला. अशा धरसोडीला कंटाळून अमेरिकेच्या संघीय दिवाणी प्रक्रिया नियमांतून २००७ मध्ये शॅल काढून बहुतेक जागी मस्ट घातलं गेलं. आपल्याकडे ते ठाण मांडून आहे. लिव्ह अँड लायसन्सचा कुठलाही इंग्रजी करार उघडा: ‘द लायसन्सी शॅल पे’, आणि पुढे महिन्याच्या भाड्याची रक्कम. शॅल इथे अजून देणंच लागतं.