तुळशीदास बोरकर

पंडित तुळशीदास वसंत बोरकर (जन्म : १८ नोव्हेंबर, इ.स. १९३४, मृत्यू : २९ सप्टेंबर, इ.स. २०१८) हे हिंदुस्तानी संगीतातील एक नामवंत संवादिनीवादक आणि संवादिनीचे गुरू होते. गायकांची साथ, स्वतंत्र वादन आणि अध्यापन या तिन्ही क्षेत्रांत त्यांनी दीर्घकाळ काम केले. रागसंगीतासाठी संवादिनी योग्य की अयोग्य, हा वाद चालू असतानाच त्यांची कारकीर्द घडली.

जीवन आणि शिक्षण

बोरकरांचा जन्म गोव्यातील फोंडा तालुक्यातल्या बोरी या गावी झाला. गोव्यावर त्या वेळी पोर्तुगीजांची सत्ता होती. संगीताचे पहिले धडे त्यांना आई जयश्रीबाई यांच्याकडून मिळाले. पुढे त्यांनी मधुकर पेडणेकर यांचे शिष्यत्व पत्करले. 'पी. मधुकर' या नावाने प्रसिद्ध असलेल्या पेडणेकरांच्या संवादिनीवादनाच्या ध्वनिमुद्रिका त्या काळी घरोघरी ऐकल्या जात. नाट्यपदातील शब्दांचा भाव पेटीच्या सुरांतून उमटवणे हे त्यांच्या वादनाचे वैशिष्ट्य होते. हाच वारसा बोरकरांनी पुढे चालवला.

संवादिनीवरील आक्षेप

हार्मोनियम हे मूळचे युरोपीय वाद्य होय. अलेक्झांद्र दबँ यांनी इ.स. १८४२ मध्ये पॅरिस येथे त्याचे पेटंट घेतले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोलकात्याचे द्वारकानाथ घोष यांनी जमिनीवर बसून एका हाताने भाता चालवता येईल अशी पेटी तयार केली आणि ती भारतभर पसरली. महाराष्ट्रात तिचा प्रसार होण्यात संगीत नाटकांचा मोठा वाटा आहे. गोविंदराव टेंबे यांनी या वाद्याला स्वतंत्र वादनाची प्रतिष्ठा मिळवून दिली.

या वाद्यावर मुख्यतः दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा, की पट्ट्यांचे सूर ठरलेले असल्यामुळे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणारी मींड तिच्यावर निघत नाही. दुसरा आक्षेप स्वरस्थानांचा आहे. पियानोप्रमाणे पेटीतही सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात. सप्तकाचे १२०० सेंट धरले, तर तंबोऱ्यातून ऐकू येणारा गंधार सुमारे ३८६ सेंटवर आणि पेटीतला गंधार ४०० सेंटवर असतो. हा फरक जाणत्या कानाला खटकतो. अशा आक्षेपांमुळे आकाशवाणीने १ मार्च १९४० पासून हार्मोनियमवर बंदी घातली. बोरकर तेव्हा पाच वर्षांचे होते. ही बंदी इ.स. १९७१ मध्ये शिथिल होऊ लागली, तेव्हा त्यांनी पस्तिशी ओलांडली होती. म्हणजेच त्यांच्या उमेदीच्या वर्षांत या वाद्याला नभोवाणीचे दार बंद होते. मैफलीत मात्र गायकांना पेटी हवीच असे.

वादनाचे तंत्र

पियानोचा सूर तारेवर हातोडी पडताच उमटतो आणि हळूहळू विरतो. पेटीचा सूर मात्र भात्यातून हवा मिळते तोवर टिकतो, आणि गायकाच्या श्वासाशी तिचे असलेले नाते यातूनच निर्माण होते. मींडीची उणीव भरून काढण्यासाठी वादक पुढची पट्टी दाबेपर्यंत मागची सोडत नाही, कणस्वर व खटक्यांनी स्वर जोडतो आणि भात्याचा दाब कमीअधिक करून सुराला चढउतार देतो. पी. मधुकर यांच्या परंपरेत या गायकी अंगाला विशेष महत्त्व आहे.

साथीत आणखी एक कसोटी असते. प्रत्येक गायकाचा षड्ज वेगळा असतो. कोणी काळी एकमध्ये गातो, कोणी पांढरी चारमध्ये. षड्ज बदलला की त्याच रागासाठी बोटांची ठेवण पूर्णपणे बदलते. शिवाय साथीदाराने गायकाच्या मागोमाग जावे, त्याने विसावा घेतला की सूर धरून ठेवावा, पण त्याच्या पुढे धावू नये, असा संकेत आहे. बोरकरांनी भीमसेन जोशी, मल्लिकार्जुन मन्सूर, कुमार गंधर्व आणि जितेंद्र अभिषेकी अशा एकमेकांहून अगदी भिन्न गायकी असलेल्या कलावंतांची साथ केली. यावरून त्यांची तयारी ध्यानात येते.

अध्यापन

संवादिनी भारतात उशिरा आल्यामुळे तिला सतार किंवा तबल्यासारखी जुनी घराणी नाहीत. त्यामुळे तिच्या गुरूला बोटांच्या तयारीबरोबरच बंदिश, तिचे शब्द आणि गायनाची शिस्तही शिकवावी लागते. बोरकरांनी अनेक विद्यार्थी घडवले. मैफलींतील साथ व स्वतंत्र वादन यांसाठी प्रसिद्ध असलेले सुधीर नायक आणि अमेरिकेत वास्तव्य असलेले केदार नाफडे हे त्यांच्या शिष्यांपैकी होत.

पुरस्कार आणि सन्मान

बोरकर यांना इ.स. २००५ चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार आणि इ.स. २०१६ मध्ये भारत सरकारचा पद्मश्री हा किताब मिळाला. ज्या वाद्याला सरकारी नभोवाणीने एकेकाळी अभारतीय ठरवले होते, त्याच वाद्याच्या साधकाचा हा राष्ट्रीय सन्मान होता.