माळाला रिकामा म्हणू नका

कुसळीचं एक वाळलेलं कुसळ तळहातावर ठेवा आणि त्यावर पाण्याचा थेंब सोडा. बघता बघता त्याच्या काळसर शेपटीचा पीळ सुटायला लागतो आणि टोकाचं बी गरगर फिरतं. वाळलं की पुन्हा पीळ बसतो. माळावर हेच काम रात्रीचं दव आणि दिवसाचं ऊन करतं. भिजणं आणि वाळणं चालू राहतं, बी स्वतःला मळसूत्रासारखं फिरवत मुरमात रुतवून घेतं. टोकाशी उलटे, ताठ केस असतात, त्यामुळे आत गेलेलं बी सहसा मागे सरकत नाही. कडक जमिनीत स्वतःला पेरून घेणारं हे गवत आणि त्याचे सोबती ज्या जमिनीवर वाढतात, तिला सातबाऱ्यावर आणि बोलण्यातही आपण एकच नाव देतो: पडीक.

पुणे, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर या जिल्ह्यांच्या पर्जन्यछायेतले माळ मी गेली कित्येक वर्षं बघतो आहे. भाद्रपद-आश्विनात पुरंदर किंवा बारामतीकडच्या एखाद्या न नांगरलेल्या माळावर एक चौरस मीटरची चौकट आखून गुडघ्यावर बसलं की वेळेचं भान राहत नाही. आधी दिसतात ते गवताचे ठोंब: पवन्या, डोंगरी, कुसळी, जरा ओलाव्याच्या जागी मारवेल. मग ठोंबांच्या मधल्या फटी दिसायला लागतात. तिथे विष्णुक्रांतेची बोटाच्या पेरापेक्षा लहान निळी फुलं असतात, निळवंती असते, खुळखुळ्याच्या शेंगा असतात. उन्हाळ्यात निष्पर्ण काठीवर फुलून गेलेल्या रानकांद्याची आता फक्त पानं उरलेली असतात. आणि नशीब असेल तर खर्पुडी सापडते.

खर्पुडीजवळ जरा थांबायला हवं. तिचा वेल नाजूक, गवताच्या आधारानं चढणारा. फूल म्हणजे तळाशी फुगलेली एक अरुंद नळी आणि वर पाकळ्यांची टोकं जुळून झालेला पिंजरा, म्हणूनच अशा फुलांना कंदीलपुष्प म्हणतात. वासानं आलेली चिलटं नळीत उतरतात, पण नळीतले केस खालच्या दिशेला वळलेले असल्यानं त्यांना वर येता येत नाही. ती आत अडकतात आणि परागीकरण होतं. पुढे केस सुकून मऊ पडले की वाट मोकळी होते. दिवाळीनंतर सगळा वेल वाळून जातो आणि मागे उरतो तो जमिनीखालचा कंद. मेंढरांमागे फिरणारी पोरं तो उकरून खातात. वर्षातले कितीतरी महिने ही वनस्पती फक्त जमिनीखालीच जगत असते. उन्हाळ्यात कुणी सर्वेक्षणाला आलं, तर त्याच्या वहीत तिची नोंद होणारच नाही.

माळाचा खरा जीव असा जमिनीखाली असतो. पवन्यासारखी बहुवर्षायू गवतं दरवर्षी बियांवर विसंबत नाहीत. त्यांचे नवे कोंब मातीलगतच्या बुडख्यातून येतात. म्हणून चरून गेलं, वणवा लागला, चार महिने पाऊस नाही, तरी मृगाच्या सरीनंतर माळ पुन्हा हिरवा होतो. गुराची जीभ वरचं पातं नेते, बुडखा राहतो. नांगराचा फाळ मात्र बुडखा, मूळ, कंद सगळं उलथून उन्हात टाकतो.

नांगर इथे आला त्याला मोठा इतिहास आहे. मुंबई इलाख्यातली नवी जमीनमोजणी आणि सारा-आकारणी गोल्डस्मिड आणि विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी १८३६च्या सुमारास सुरू केली ती इंदापूर तालुक्यातून, म्हणजे ऐन माळरानातून. जमिनीची प्रतवारी झाली ती सारा किती देईल यावर. गवत सारा देत नाही. पुढे १८८५मध्ये नीरा डावा कालवा सुरू झाला, १९८०मध्ये उजनी धरण पूर्ण झालं आणि पाणी पोचलं तिथे ऊस उभा राहिला. यात शेतकऱ्याला दोष देता येणार नाही. दुष्काळी मुलखातल्या माणसानं पाणी आल्यावर पीक घेतलं, एवढंच. पण आज ज्याला आपण माळरान म्हणतो तो त्या प्रचंड विस्तारातून उरलेला तुकडा आहे, आणि बरेचदा हे तुकडे इतके लहान आहेत की एका टोकाला उभं राहिलं की दुसऱ्या टोकाचा बांध दिसतो.

या उरलेल्या तुकड्यांचं आणि बदललेल्या जमिनींचं नेमकं काय होतं, याचा काटेकोर अभ्यास संशोधक आशिष नेर्लेकर आणि सहकाऱ्यांनी पश्चिम महाराष्ट्रातल्या १५ भूभागांत केला. तो २०२४मध्ये प्रसिद्ध झाला. साधारण पाचशे मिलिमीटर पावसाच्या कोरड्या भागापासून ते दोन हजार मिलिमीटरच्या जवळ जाणाऱ्या ओल्या भागापर्यंत त्यांनी जुने, अबाधित माळ आणि त्यांच्या शेजारची शेतं, सोडून दिलेली शेतं आणि वृक्षलागवडी यांची तुलना केली. कुठेही पाहिलं तरी जुना माळ आणि बदललेली जमीन यांतल्या वनस्पती वेगळ्याच निघाल्या. माळाचा कणा असलेली देशी बहुवर्षायू गवतं बदललेल्या जमिनींवर मागे पडली होती.

सोडून दिलेल्या शेतांची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण फसगत तिथेच होते. शेत पडीक टाकलं की दोन-तीन पावसाळ्यांत ते हिरवं होतं आणि आपल्याला वाटतं, माळ परत आला. जवळ जाऊन बघा. हिरवं दिसतं ते बहुतेक एका हंगामात उगवून, बी टाकून मरणारं तण असतं. गाजरगवत, ज्याची पहिली नोंद पुण्यात १९५५च्या सुमारास झाली, ते तर असतंच. पवन्या तिथे नसतो, खर्पुडी नसते. जगभरच्या अभ्यासांची नोंद घेऊन नेर्लेकर आणि जोसेफ वेल्डमन यांनी २०२०मध्ये दाखवलं, की एकदा मोडलेल्या गवताळ प्रदेशात वनस्पतींची पूर्वीची विविधता परतायला किमान शंभर वर्षं लागतात, आणि बरेचदा हजारो.

नांगरानंतरचं दुसरं संकट चांगल्या हेतूनं येतं, म्हणून त्याबद्दल बोलणं जास्त अवघड आहे. २०१९मध्ये राज्यानं एका पावसाळ्यात ३३ कोटी झाडं लावण्याचं उद्दिष्ट ठेवलं होतं. एवढ्या झाडांना जागा लागते. शेत कुणी देत नाही, म्हणून नजर जाते ती गायरानाकडे आणि टेकड्यांकडे. जेसीबी येतो, सलग समतल चर खणले जातात, गिरिपुष्प, सुबाभूळ किंवा नीलगिरी लागते. माळाची गवतं उन्हाला सरावलेली असतात. सावली दाटली की ती एकेक करून मरतात, आणि ज्यांना चर खणतानाच उपटून टाकलेलं असतं त्यांचा तर प्रश्नच संपतो. माळाला स्वतःची झाडं आहेत: हिवर, बोर, खैर, तरवडाची झुडपं. ती विरळ उभी असतात आणि गवताला ऊन मिळू देतात. झाडं लावणं चुकीचं आहे असं मी म्हणत नाही. गवताचा जीव घेऊन लावणं चुकीचं आहे.

हे माळ म्हणजे तोडलेल्या जंगलाचे अवशेष, असं शाळेत शिकवलं जायचं आणि अजूनही अनेकजण तसंच मानतात. या समजाला मराठी साहित्यानंच उत्तर दिलं आहे. नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी जुन्या ओव्या, लोककथा, चरित्रं यांतले झाडाझुडपांचे उल्लेख तपासले आणि २०२५मध्ये मांडलं, की पश्चिम महाराष्ट्रातले हे मोकळे माळ किमान ७५० वर्षं जुने आहेत. त्या उल्लेखांत काटेरी, उन्हात वाढणारी माळाचीच झाडं पुन्हा पुन्हा येतात. दुसरा पुरावा वनस्पतींचा स्वतःचा आहे. द्वीपकल्पातल्या अशा मोकळ्या प्रदेशांतच आढळणाऱ्या, जगात दुसरीकडे कुठेही नसलेल्या वनस्पती दोनशेहून अधिक आहेत आणि त्यातल्या चाळीस टक्क्यांहून जास्त तर गेल्या दोन दशकांत विज्ञानाला कळल्या. एवढ्या वनस्पती एखाद्या ओसाड, उजाड जागेत घडत नाहीत.

सुप्याजवळच्या एका माळावर वाडा टाकलेल्या एका म्हाताऱ्या धनगर आजोबांना मी विचारलं होतं, की पूर्वीसारखं गवत आता का दिसत नाही. त्यांनी काठीनं समोरची पडीक शेतं दाखवली आणि म्हणाले, "त्यो बघा, हिरवा हाय न्हवं? पर मेंढरू तोंड लावत न्हाई त्याला." मग बाजूच्या न नांगरलेल्या पट्ट्यात बसलेल्या कळपाकडे बघून म्हणाले, "हितं बसत्यात. पवन्या हाय हितं." मला जे समजायला चौकट, वही आणि शोधनिबंध लागले, ते त्यांचा कळप चरता चरता ओळखत होता.

माळढोक, लांडगा, चिंकारा यांच्याबद्दल आपण पुष्कळ वाचतो. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९चं, पण माळढोक आता महाराष्ट्रात जवळजवळ दिसेनासा झाला आहे. पक्षी गेला तर बातमी होते. गवत गेलं तर होत नाही.

म्हणून ज्यांच्या गावाला अजून गायरान आहे, त्यांना एकच विनंती आहे. पुढच्या ग्रामसभेत त्या जमिनीवर वृक्षलागवडीचा किंवा दुसऱ्या कशाचा ठराव आला, तर हात वर करण्याआधी आश्विनात एकदा तिथे जा. सोबत गावातला एखादा मेंढपाळ घ्या आणि त्याला गवतांची नावं विचारा. पवन्या, डोंगरी, मारवेल यांचे ठोंब तिथे सापडले, तर ती जमीन बहुधा कधी नांगरली गेलेली नाही असं समजा, आणि झाडांचे खड्डे आधीच मोडलेल्या जमिनीवर, बांधावर, रस्त्याच्या कडेला किंवा शाळेच्या आवारात घ्या, असं तिथेच सांगा.